संगणक अडला? आधी दोष शोधा, मग दुरुस्ती करा

भाजे हे मळवली स्टेशनजवळचे गाव. वर लोहगड आणि विसापूर, डोंगराच्या कड्यात दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली लेणी, आणि पावसाळ्यात मुंबई-पुण्याहून येणाऱ्या सहलीच्या मंडळींची गर्दी. या परिसरात बंगले उभे राहिले, तसे ग्रील-शटर, फर्निचर, रंगकाम, गॅरेज यांसारखे धंदेही वाढले. या धंद्यांचा हिशेब पूर्वी वहीत असे. आता तो पुष्कळ घरांत संगणकावर असतो. बिले, उधारी, गिऱ्हाइकाने दिलेला इसार, कारागिरांची मजुरी, जीएसटीची विवरणपत्रे, सारे एका पेटीत. ती पेटी अडली की धंदा अडतो. म्हणून घरच्या संगणकाचा आणि इंटरनेटचा दोष कसा शोधावा, हा आजच्या धड्याचा विषय घेतला आहे.

आमच्यावर बेतलेला प्रसंग

आमच्या घरी ग्रील आणि शटरचे काम चालते. एका जुलै महिन्यात रात्रभर वीज नव्हती. सकाळी संगणक सुरू केला. वाय-फायची खूण दिसत होती, पण बँकेचे पान उघडेना आणि जीएसटीचेही उघडेना. जिकडेतिकडे 'हे ठिकाण सुरक्षित नाही' अशी सूचना. विवरणपत्राची २० तारीख दोन दिवसांवर आलेली. आम्ही घाबरून संगणक एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पाहिल्यासारखे केले आणि व्हायरस आहे, फॉरमॅट करावे लागेल, असे सांगितले. आम्ही 'करा' म्हटले.

सायंकाळी संगणक नव्यासारखा चालू झाला. मात्र दोन वर्षांचे उधारी व इसाराचे खाते पुसले गेले होते. पुढे आठच दिवसांनी पुन्हा रात्रभर वीज गेली आणि सकाळी तीच सूचना पुन्हा हजर! या वेळी एका जाणकार मुलाने पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहिली. ती कित्येक वर्षे मागे गेली होती. आतील मदरबोर्डवर नाण्याएवढा तीन व्होल्टचा एक सेल असतो. सीआर २०३२ या नावाने तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. वीज नसताना संगणकाचे घड्याळ याच सेलवर चालते. आमचा सेल संपला होता. शंभर रुपयांच्या आत काम झाले.

तारखेचा आणि बँकेच्या पानाचा संबंध काय, असे कोणी विचारील. सुरक्षित संकेतस्थळाला एक प्रमाणपत्र असते आणि त्यावर अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत अशी मुदत असते. संगणकाची तारीख मागे गेली की त्याच्या दृष्टीने त्या प्रमाणपत्राची मुदत सुरूच झालेली नसते. म्हणून तो पान उघडत नाही. संगणक आपले काम नीट करीत होता, त्याचे घड्याळ तेवढे चुकले होते.

गेलेले खाते पावत्यांवरून आणि आठवणीने पुन्हा मांडावे लागले. त्यात एका वृद्ध गृहस्थांकडे आम्ही चुकते झालेले पैसे पुन्हा मागितले. त्यांनी शांतपणे आमचीच पावती काढून समोर ठेवली. काही उधारी बुडाली, ते नुकसान आमचे होते आणि आम्ही ते सोसले. पण दिलेले पैसे दुसऱ्यांदा मागितले, याची लाज आजही वाटते. दोष एकट्या दुरुस्तीवाल्याचा नव्हता. खात्याची दुसरी प्रत आम्ही ठेवली नव्हती आणि न विचारता 'करा' म्हटले होते.

त्या प्रसंगानंतर आम्ही पुढील क्रम ठरवला. त्याने बहुतेक अडचणी घरच्या घरी सुटतात. ज्या सुटत नाहीत, त्यांत नेमके कोणाला बोलवावे हे तरी कळते.

पहिली पायरी : तीन प्रश्न

कशालाही हात लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे कागदावर लिहा.

१) अडचण एकाच यंत्रावर आहे की घरातील सर्व यंत्रांवर? संगणकावर नेट नाही, पण त्याच वाय-फायवर मोबाइल चालतो, तर दोष संगणकात आहे. दोन्हीकडे नाही, तर दोष राउटरमध्ये किंवा बाहेरच्या लाइनमध्ये आहे.

२) एकच पान उघडत नाही की कोणतेच उघडत नाही? बाकी सर्व उघडत असेल, तर दोष बहुधा त्या ठिकाणाचा आहे. शेवटच्या तारखेला सरकारी पोर्टलवर गर्दी होते आणि ते मंदावते. तेथे आपण घरात तारा ओढून उपयोग नाही.

३) शेवटचे नीट कधी चालले आणि त्यानंतर काय बदलले? वीज गेली, नवा प्रोग्राम घातला, पासवर्ड बदलला, टेबल हलवले, की मुलांनी काही उतरवून घेतले?

आणखी एक नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग तपासा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच करावे लागते.

दुसरी पायरी : भिंतीपासून पडद्याकडे

वेल्डिंग मशीन चालेना तर कारागीर आधी स्विच पाहतो, मग पिन, मग केबल, मग होल्डर. हाच क्रम येथेही आहे.

वीज : बोर्डात दुसरी वस्तू लावून पाहा. एक्स्टेन्शन बोर्ड काढून थेट भिंतीत जोडा. राउटरचा अडॅप्टर अधू झाला तर दिवे लागतात पण नेट सारखे तुटते. त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा अधिक अँपियरचा अडॅप्टर लावून पाहा. मात्र व्होल्टचा आकडा जुळलाच पाहिजे.

लाइन : फायबरच्या पेटीवर छोटे दिवे असतात. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर बाहेरून प्रकाशाचा संदेशच येत नाही. काचेचा तंतू कोठे तरी तुटला, दबला किंवा फार वाकला आहे. अशा वेळी पेटी दहा वेळा बंद-चालू करण्यात अर्थ नाही. कंपनीला कळवा आणि 'एलओएस लाल आहे' असे स्पष्ट सांगा. तंतू हाताने सोलू नका आणि त्याच्या टोकात डोळा लावून पाहू नका.

बंद-चालू : दिवे ठीक असूनही नेट नसेल, तर फायबरची पेटी आणि राउटर दोन्ही बंद करा. अर्धा मिनिट थांबा. आधी पेटी लावा, दोन मिनिटे जाऊ द्या, मग राउटर आणि शेवटी संगणक.

वाय-फाय : वाय-फायची खूण म्हणजे इंटरनेट नव्हे. ती खूण फक्त राउटरपर्यंतचा रस्ता दाखवते. राउटरच्या मागे जो पत्ता छापलेला असतो, पुष्कळदा १९२.१६८.१.१, तो टाकून राउटरचे पान उघडते का पाहा. उघडले तर घरातला रस्ता साफ आहे, दोष पुढे आहे. याहून सोपी कसोटी म्हणजे मोबाइलचे हॉटस्पॉट संगणकाला जोडणे. त्यावर सर्व चालले तर संगणक निर्दोष आहे. विवरणपत्राची घाई असेल, तर तेवढे काम त्यावरच उरकता येते.

गावातील जुन्या घरांच्या दगडी भिंती जाड असतात. वाय-फायच्या दोन लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते, पण तिला भिंत सोसत नाही. २.४ गिगाहर्ट्झची मंद असली तरी लांब जाते. माजघरात नेट येत नसेल तर दुसरी निवडा, किंवा राउटर लोखंडी कपाटामागून काढून उंच व मोकळ्या जागी ठेवा.

पावसाळ्याची विशेष काळजी

लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला सरासरीने चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ही दमट हवा यंत्रांची वैरी आहे. संगणक जमिनीवर आणि ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नये. आठवडाभर बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवावा. पाणी गेले असेल तर पुरता वाळल्याशिवाय वीज देऊ नये. ओल्या यंत्राला वीज दिली की साधा बिघाड मोठा होतो.

विजा चमकू लागल्या की बटण बंद करून भागत नाही, पिन बाहेर काढावी. राउटरपासून संगणकाकडे येणारी तांब्याची केबलही काढावी. विजेचा झटका त्या मार्गानेही येतो.

छपाईयंत्रात कागद अडकण्याचे कारण पावसाळ्यात बहुधा कागदच असतो. तो ओल शोषून घेतो आणि एकमेकांना चिकटतो. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. अडकलेला कागद ज्या दिशेने पुढे जातो त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढा.

संगणक मंद झाला तर

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की कोणता प्रोग्राम किती जागा आणि ताकद खातो ते दिसते. डिस्क भरत आली असेल तर सहलीचे व लग्नाचे व्हिडिओ दुसरीकडे हलवा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की जुना संगणकही हलका चालतो. विंडोज १० चे नियमित मोफत पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. बँकेचे काम त्यावरच करणाऱ्यांनी पुढची व्यवस्था करावी.

जुनी मराठी बिले उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच इंग्रजी चिन्हे दिसतात, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. त्यालाही लोक व्हायरस म्हणतात. ती फाइल युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये लिहिलेली असते. तो फॉन्ट संगणकात नसला की असे होते. फॉन्ट बसवा, अक्षरे परत येतील. नवे लिखाण मात्र युनिकोडमध्येच करावे.

घाबरवणाऱ्या सूचना

पडदा अचानक लाल होतो, कर्कश आवाज येतो आणि 'आपल्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा' असे दिसते. ही फसवणूक आहे. संगणकाची खरी सूचना अशा रीतीने फोन करायला सांगत नाही. ते पान बंद करा. बंद होत नसेल तर संगणक बंद करा. फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आपला पडदा दूरवरून दाखवणारा कोणताही प्रोग्राम घालू नका. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही, हे दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. फसगत झालीच तर लाजेने गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. जितके लवकर कळवाल, तितकी पैसे थांबवता येण्याची आशा अधिक.

दुसरी प्रत : सर्वांत महत्त्वाचे काम

मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला जीएसटीआर-३बी पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत द्यावे लागते. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क पडते, निरंक असेल तर २० रुपये. हा तोटा मोजता येतो. पुसलेल्या खात्याचा तोटा मोजता येत नाही.

म्हणून हिशेबाच्या तीन प्रती ठेवा : एक संगणकात, एक बाहेरच्या यूएसबी डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे इंटरनेटवरील साठ्यात किंवा विश्वासू नातेवाइकाकडे. बाहेरची डिस्क काम झाले की काढून ठेवावी. सतत जोडून ठेवली तर जे संकट संगणकावर येईल ते तिच्यावरही येईल. आम्ही जुम्याच्या नमाजला निघण्यापूर्वी प्रत काढतो. दहा मिनिटे लागतात. महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखादी फाइल उघडूनही पाहतो, कारण न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

संगणक दुरुस्तीस देताना पावतीवर दोष लिहून घ्या आणि 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' हेही लिहून घ्या. आधी तारीख पाहा, आधी प्रत काढा. संगणक सुरूच होत नसेल तर डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. ते आधी करण्यास सांगा.

कुरआनातील सर्वांत लांब आयत सूरह बकराची २८२ वी आहे. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे असे ती बजावते. खाते म्हणजे आपल्या नफ्याची नोंद तर खरीच, पण त्यात गिऱ्हाइकाचा इसार आणि कारागिराची मजुरीही असते. ती दुसऱ्याची अमानत आहे. उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण सर्वजण ऐकत आलो आहोत. आजच रात्री दुकान बंद करण्यापूर्वी एक प्रत काढा. अल्लाह आपणा सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो.