कमी खर्चात शर्यत जिंका

‘ग्रॅन टुरिस्मो’ या १९९७ च्या व्हिडिओ गेममध्ये सुरुवातीला तुमच्या हाती फक्त १०,००० क्रेडिट असतात. महागडी गाडी परवडत नाही. मग जुनी, स्वस्त गाडी घ्या, सोप्या शर्यती जिंका आणि बक्षिसाच्या रकमेतून गरजेपुरतीच सुधारणा करा. काही स्पर्धांत गाडीच बक्षीस मिळते. ती विकत घ्यावी लागत नाही.

याच मालिकेतील २०२२ च्या ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ या गेममध्ये मात्र खरे पैसे देऊनही क्रेडिट मिळतात. तेथे सावध राहा. गेममधला खर्च पुढच्या शर्यतीत भरून निघतो. बचत खात्यातून गेलेला रुपया तसा परत येत नाही.

लक्षात ठेवा: खरेदीपूर्वी स्वतःला विचारा, ‘याच्याशिवाय माझे भागेल का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर पैसे राखून ठेवा.