उरलेल्या लोकरीची कानपट्टी : कार्यानुभवाचा एक पाठ



पाली म्हटलं की बल्लाळेश्वर आणि सरसगड डोळ्यांपुढे येतात, लोकर काही येत नाही. कोकणात थंडी ती किती! पण पौष-माघात पहाटे अंबा नदीकडून धुकं पसरतं, तेव्हा आमची मुलं कानांवर हात ठेवूनच शाळेत येतात. माघी गणेशोत्सवात देवळाबाहेर हार-दूर्वा विकणाऱ्या आया तर उजाडायच्या आधीच येऊन बसलेल्या असतात. म्हणून सहावीच्या कार्यानुभवात मी उरलेल्या लोकरीची कानपट्टी घेतली. हीच पट्टी जास्त लांब विणली की गळपट्टा होतो.

साहित्य

लोकर विकत आणली नाही. घरोघरी कपाटाच्या तळाशी अर्धेमुर्धे गुंडे निघाले, दोन जुने स्वेटर मिळाले. स्वेटर उसवल्यावर लोकर नागमोडी निघते. ती तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात. म्हणून खुर्चीच्या पाठीवर सैलसर गुंडाळून लड करा, चार ठिकाणी दोऱ्याने बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि खाली हलकंसं वजन अडकवून सावलीत वाळवा. धागा बराच सरळ होतो.

सुया ६ नंबरच्या, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीच्या घेतल्या. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत नंबर मोठा तितकी सुई बारीक. मुलांना याची फार गंमत वाटते.

कानपट्टी उंची वाटावी यासाठी दोन युक्त्या आहेत. दोन वेगळ्या रंगांचे बारीक धागे एकत्र धरून विणा, वीण जाड आणि ठिपकेदार दिसते. आणि लोकर निवडताना तळहाताने पारखू नका, कानामागे लावून बघा. तळहाताला मऊ वाटणारी लोकर तिथे टोचू शकते. लोकर खरी की कृत्रिम, हेही मुलांना दाखवता येतं. शिक्षकांनी स्वतः, जवळ पाणी ठेवून, तुकडा चिमट्यात धरून पेटवावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि ती लवकर विझते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

कृती

१. दोन धागे एकत्र धरून १६ टाके घाला.
२. प्रत्येक ओळ सुलट विणा. उलट टाका येण्याची गरज नाही. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कडा वळत नाहीत आणि ओळींमधल्या खाचांत हवा अडकते. हवा उष्णतेची दुर्वाहक आहे, हा विज्ञानाचा धडा इथे हाताला लागतो.
३. हवी तेवढी लांबी झाली की टाके बंद करा आणि मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईने दोन्ही टोकं शिवा.

पहिल्याच दिवशी दोन-तीन मुलगे म्हणाले, "बाई, हे मुलींचं काम." मी विचारलं, "अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर मासळीची जाळी कोण विणतं?" मग सगळ्यांनी सुया घेतल्या.

गणित

एका मुलीला आईसाठी कानपट्टी करायची होती. आई देवळाबाहेर दूर्वा विकते. तिने आईच्या डोक्याचा घेर सुतळीने मोजून आणला. तो भरला ५५ सेंटिमीटर. वीण ताणते, म्हणून साधारण एक दशांश कमी धरायचं, म्हणजे ५० सेंटिमीटर. आमच्या विणीत १ सेंटिमीटरला ३ ओळी बसत होत्या. म्हणजे १५० ओळी आणि एकूण २४०० टाके! वर्ग थक्क झाला.

मग लोकर पुरेल का? स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणला. १० सेंटिमीटर विणण्याआधी आणि नंतर गुंडे तोलले. ८ ग्रॅम लोकर लागली होती. म्हणजे ५० सेंटिमीटरला ४० ग्रॅम. तिच्याकडे जांभळी २६ आणि करडी १८, मिळून ४४ ग्रॅम. टोकं शिवायलाही उरणार होती. त्रैराशिक फळ्यावर शिकवताना जी मुलं खिडकीबाहेर बघतात, तीही काट्याभोवती जमली होती.

चूक कोणाची?

आता मुख्य गोष्ट. साधारण २० सेंटिमीटर विणून झाल्यावर तिच्या सुईवर १६ ऐवजी २१ टाके झाले होते. नवशिक्यांची ही नेहमीची चूक आहे. ओळ सुरू करताना धागा सुईच्या वरून मागे ओढला की पहिल्या टाक्याचे दोन दिसतात आणि मूल दोन्ही विणतं. धागा सुईच्या खालून मागे न्यायचा, एवढाच उपाय.

चतुर्थी चार दिवसांवर आलेली. मला वाईट वाटलं. मी ते विणकाम घरी नेलं, जिथून बिघडलं होतं तिथपर्यंत उसवलं आणि रात्री बसून पुन्हा २० सेंटिमीटरपर्यंत विणून ठेवलं. सकाळी तिच्या हातात दिलं. तिने त्यावरून बोटं फिरवली.

"बाई, हे तुम्ही विणलंत."
"कशावरून?"
"माझे टाके घट्ट असतात."

मी काही बोलले नाही. तिने विचारलं, "उसवू?" आणि माझं सात सेंटिमीटरचं काम तिने शांतपणे ओढून काढलं. बरोबर तिच्या शेवटच्या टाक्यापाशी थांबली.

कानपट्टी चतुर्थीला झाली नाही. उत्सव संपल्यावर पाच दिवसांनी झाली. त्यानंतर एकदा पहाटे देवळाकडून जाताना तिची आई दिसली. कानांवर जांभळी-करडी पट्टी, त्यावरून पदर. एका बाजूला वीण जरा आवळलेली होती.

मला काय शिकायला मिळालं?

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. डी.एड.ला परीक्षेपुरतं ते पाठ केलं होतं. त्यातलं एक अंग मला या मुलीने दाखवलं. वहीत चूक झाली की लाल शाई राहते. विणकामात चूक उसवता येते आणि लोकर जशीच्या तशी हातात परत येते. मुलाला हे कळायचं असेल, तर उसवणारा हात त्याचाच हवा.

पालकहो, विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते आणि प्रतिकृती रात्री जागून कोण करतं, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मीही तेच केलं. आपण ते प्रेमापोटीच करतो. पण मुलाला त्यातून ऐकू येतं ते एवढंच, की "तुला जमणार नाही."

पाठासाठी सरावाखेरीज साधारण १० तासिका लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी १० दप्तराविना दिवस सुचवले आहेत, त्यांतही हा उपक्रम छान बसतो. दर तासिकेच्या शेवटी मुलांना टाके मोजायला लावा. १६ भरले नाहीत तर कुठे बिघडलं ते मुलांनीच शोधावं. आपण शेजारी बसावं आणि आपले हात आपल्या मांडीवर ठेवावेत. सगळ्यात अवघड तेच आहे.