बुजरा घोडा व बुजरा स्वार

पानें कां सडलीं, घोडा कां अडला, भाकरी कां करपली, या तीन प्रश्नांचें एकच उत्तर ‘न फिरविल्यामुळें’ असें आमच्या लहानपणीं वडील मंडळी सांगत. विद्यार्थिमित्रांनो, हें उत्तर आपणां सर्वांस पाठ असतें. परंतु अडलेला घोडा पुन्हां फिरवावा कसा, हें त्यांत सांगितलेलें नाहीं. त्यांतून घोडा बुजलेला असेल व त्याच्याबरोबर स्वारहि बुजला असेल, तर दोघांसहि फिरते कसे करावे, हा या लेखाचा विषय आहे. आमच्या एका विद्यार्थ्यावर असा प्रसंग आला होता, व त्या वेळीं आम्हीं दिलेला सल्ला चुकला होता. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

बारामती व इंदापूर हे तालुके घोड्यास परके नाहींत. थडी म्हणजे नदीचा कांठ. भीमेच्या थडीवर निपजणारा तो भीमथडी घोडा. अंगानें ठेंगणा, खुरांनीं टणक, थोड्या चाऱ्यावर लांब मजल मारणारा, असा हा घोडा मराठ्यांच्या घोडदळांत नांवाजलेला होता. फौजा गेल्या, पागा गेल्या. परंतु भीमथडी तट्टें आमच्या धनगर बंधूंनीं राखलीं. दिवाळीनंतर मेंढरांचे कळप घेऊन जीं कुटुंबें कोंकणाकडे उतरतात, त्यांचा सारा संसार या तट्टांच्या पाठीवर असतो. सन २०२३-२४ मध्यें कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेनें भीमथडीची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदहि केली आहे.

आमचा हा विद्यार्थी इंदापूर तालुक्यांतील अशाच एका कुटुंबांतील. श्रावणांत एके सायंकाळीं तो घोडीवर बसून तिला पाण्यावर नेत होता. कालव्याच्या रस्त्यानें एक ट्रॅक्टर आला. त्याच्या ट्रॉलीवरील प्लॅस्टिकचा कागद वाऱ्यानें एकाएकीं फडफडला. घोडी उधळली, मुलगा पडला व त्याचें मनगट मुरगळलें. हात पंधरा दिवसांत बरा झाला, पण मुलगा घोडीजवळ जाईना. इकडे घोडीहि खोगीर पाहतांच कान पाडूं लागली. दिवाळीपूर्वीं तिला बाजारांत काढावी असें वडिलांनीं ठरविलें. ज्या शिंगरास आपण हातानें चारा घातला, तें आपल्या भित्रेपणामुळें विकलें जाणार, या विचारानें मुलगा वर्गांत खिन्न बसूं लागला.

आम्हांस हें कळलें तेव्हां आम्हीं त्यास घरीं जाऊन धीर दिला. “पडलास तर लगेच पुन्हां बसावें, भीति मोडण्याचा हाच उपाय,” असें आम्ही म्हणालों. आमच्यादेखत दोघांनीं घोडी धरली व मुलास वर बसविलें. त्यानें श्वास रोखला, मांड आवळली, लगाम छातीशीं ओढला. घोडी जागच्या जागीं गरकन् फिरली आणि मुलगा दुसऱ्यांदा खालीं आला. सुदैवानें लागलें नाहीं; परंतु त्याच्या डोळ्यांत आमच्याविषयीं जो अविश्वास आम्हांस दिसला, तो आम्ही विसरलों नाहीं.

आमची चूक कोठें झाली, हें समजण्यास घोड्याचा स्वभाव जाणला पाहिजे. घोडा हा शिकारी प्राणी नव्हे. ज्याची शिकार होते असा प्राणी आहे. पळणें हेंच त्याचें मुख्य शस्त्र. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें त्यास भोंवतालचें जवळजवळ ३५० अंशांचें दिसतें; केवळ कपाळाच्या अगदीं पुढें व शेपटीच्या मागें त्यास दिसत नाहीं. म्हणून आपल्यास क्षुल्लक वाटणारी कडेची हालचाल त्यास प्रथम दिसते, आणि विचार करण्यापूर्वीं तो पळतो. हा हट्ट नव्हे, स्वसंरक्षण आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. घोडा पाठीवरील माणसाची भीति ओळखतो. सन २००९ मध्यें स्वीडनमधील संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं माणसांस घोडा धरून अथवा घोड्यावर बसून एकाच वाटेनें चार वेळां जावयास सांगितलें. चौथ्या खेपेपूर्वीं त्यांस सांगितलें कीं, आतां घोड्याजवळ छत्री उघडली जाईल. प्रत्यक्षांत छत्री उघडलीच नाहीं. तरी त्या खेपेस माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्यांस छत्रीची वार्ताहि नव्हती त्या घोड्यांचेहि वाढले! आमच्या विद्यार्थ्याची आवळलेली मांड घोडीस हेंच सांगत होती कीं, जवळपास कांहीं तरी भयंकर आहे. आम्हीं एका भ्यालेल्या जिवावर दुसरा भ्यालेला जीव बसविला होता.

पुढील शिक्षण मुलाच्या आजोबांनीं दिलें. आम्ही पाहणारे झालों. ते एवढेंच म्हणाले, “गुरुजी, आधी घोडीला काय दुखतंय ते बघू, मग पोराचं बघू.” त्यांनीं खोगीर उतरवून पाठीवर हात फिरविला, तों पाठीच्या उंचवट्यावर खोगिरानें सोललेली जागा निघाली. ज्या घोडीस आम्ही खोडकर म्हणत होतों, तिला वेदना होत होत्या! पालकांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. शांत जनावर एकाएकीं बिघडलें, तर प्रथम पाठ, तंग, दांत, खूर व डोळे तपासावे, व जरूर तर पशुवैद्यास दाखवावें. काम नसतां चंदी भरपूर मिळाली तरीहि घोडा मस्तीस येतो. आजोबांनीं जखम भरेपर्यंत खोगीर बंद ठेवलें व चंदी कमी केली.

दुसरा पाठ जमिनीवरचा होता. मुलानें रोज सकाळीं घोडीस खरारा करावा, दोरी धरून चालवावें, थांबवावें, दोन पावलें मागें घ्यावें, आणि एवढेंच करून सोडून द्यावें. दोरी हाताभोंवतीं गुंडाळावयाची नाहीं, ही सक्त ताकीद होती. कारण घोडी उधळल्यास हात अडकून माणूस फरफटत जातो. आठ दिवसांत घोडी त्याच्या पावलाबरोबर थांबूं लागली. ती आपलें ऐकते, हें मुलास प्रथम येथें कळलें.

तिसरा पाठ त्या प्लॅस्टिकच्या कागदाचा. तो दूर जमिनीवर दगडाखालीं ठेविला. घोडीनें कान टवकारले कीं तेथेंच थांबावयाचें. तिनें मान खालीं घालून श्वास सोडला कीं शाबासकी देऊन मागें वळावयाचें. दररोज अंतर चार पावलें कमी. एके दिवशीं तिनें आपण होऊन कागद हुंगला. ग्रीक सेनानी झेनोफन यानें सुमारें २,४०० वर्षांपूर्वीं अश्वविद्येवरील ग्रंथांत हीच शिकवण दिली आहे: बुजलेल्या घोड्यास मारल्यानें भय वाढतें, कारण तो मार त्या वस्तूनेंच दिला असें त्यास वाटतें. आमच्या आजोबांनीं झेनोफनचें नांव ऐकलेलें नाहीं. पण दोघांचा गुरु एकच, तो म्हणजे घोडा.

सवयीनें काय साधतें, हें आपल्याच तालुक्यांत दरवर्षीं दिसतें. तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर बेलवाडी व इंदापूर येथें रिंगण होतें. टाळमृदंगांचा गजर, पताका व अफाट जनसमुदाय यांच्या मधून अश्व धांवतात. फडफडणारी पताका व कागद यांत घोड्याच्या दृष्टीनें अंतर तें काय? अंतर सवयीचें आहे.

चौथा पाठ स्वारीचा. पहिल्या दिवशीं केवळ बसणें व उतरणें. दुसऱ्या दिवशीं आजोबांच्या हातीं दोरी, व दहा पावलें चाल. मग लहान वर्तुळांत चाल, नंतर दुडकी. रस्ता सर्वांत शेवटीं. नजर घोड्याच्या कानांपलीकडे, खांदे सैल, टांच खालीं, रिकिबींत पायाचा केवळ चवडा, आणि तोंडानें कांहीं तरी बोलत राहणें. कारण बोलणाऱ्यास श्वास रोखतां येत नाहीं. घोडी जोर करूं लागली तर दोन्ही लगाम ताणून न धरतां एका बाजूनें हळूहळू वळवून वर्तुळांत घ्यावी. डोक्यास शिरस्त्राण असावें, ही भर मात्र आमची; ती आजोबांनीं हंसून मान्य केली.

दिवाळी झाली. घोडी विकली गेली नाहीं. ती कळपाबरोबर कोंकणांत गेली, व पहिल्या मजलेपर्यंत तिच्यावर आमचा विद्यार्थी होता. वाटेंत उसानें लादलेली ट्रॉली समोरून आली, तेव्हां तो खालीं उतरला व ती जाईपर्यंत घोडीस धरून उभा राहिला. सोबतचीं मुलें हंसलीं. आजोबा म्हणाले, “ह्याला आता घोडं कळलं.” योग्य वेळीं उतरणें हा भित्रेपणा नव्हे, हें आम्हांसहि त्या दिवशीं कळलें. प्रत्येक घोडा मुलाच्या हातीं देण्याजोगा असतोच असें नाहीं. चावणारा, लाथ मारणारा किंवा वारंवार उधळणारा घोडा जाणत्या चाबुकस्वाराच्या हवालीं करावा, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे.

असो. त्यानंतर आमच्या वर्गांत एखादा विद्यार्थी फळ्याजवळ गणित करतांना अडला, तर “भिऊं नको, कर,” असें आम्ही पूर्वींप्रमाणें म्हणत नाहीं. त्यास काय सलतें तें प्रथम पाहतों, आणि त्यास येणाऱ्या शेवटच्या गणितापाशीं परत नेतों. फिरविणें अवश्य खरें. पण फिरविणाऱ्यानें आरंभ कोठून करावा हें त्या मुक्या घोडीनें आम्हांस शिकविलें, व त्याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहों.