कॅमेरा नवा, चित्र मात्र अंधुक

प्रश्न : कारापूरला घराच्या पडवीत वायफाय कॅमेरा बसवला आहे. मी पुण्यात असतो. मोबाइलवर आईबाबा नुसते चौकोनी ठिपके दिसतात, रात्री तर पांढुरका धूर. दुकानदार जास्त मेगापिक्सेलचा घ्यायला सांगतो. घेऊ का?
– एक वाचक

उत्तर : इतक्यात खर्च नको. मेगापिक्सेल वाढले की डेटाही वाढतो. इंटरनेट तोकडे असेल तर चित्र उलट जास्त अडखळेल. आधी कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरचे दिवसाचे रेकॉर्डिंग पाहा. ते स्वच्छ असेल, तर दोष कॅमेऱ्याचा नाही. अ‍ॅपमध्ये ‘एसडी’ऐवजी ‘एचडी’ निवडा. मग घरच्या इंटरनेटचा अपलोड वेग तपासायला सांगा. सगळे डाउनलोडच बघतात! १०८०पी चित्राला साधारण २ ते ४ एमबीपीएस अपलोड लागतो. वेग पुरेसा असूनही अडले, तर चिऱ्याच्या जाड भिंतींवर संशय घ्या. राउटर पडवीलगतच्या खोलीत आणा. कॅमेऱ्याला सोय असेल तर सरळ लॅन केबल ओढा. रात्रीचा धूर बहुधा कोळिष्टकांचा किंवा काचेवरच्या दमटपणाचा. इन्फ्रारेड प्रकाश त्यावरून उलटतो. मऊ कोरड्या कापडाने पुसले की झाले. फक्त आईबाबांना शिडीवर चढवू नका.