परक्याचा हक्क आणि हिल्फुल फुजूल

यमनमधील जुबैदचा एक व्यापारी माल घेऊन मक्केत आला. आस बिन वाइल या कुरैशच्या वजनदार सरदाराने माल घेतला आणि किंमत बुडवली. त्या परक्याच्या पाठीशी मक्केत ना टोळी होती, ना नातलग. तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही घराण्यांचे लोक जमले. मक्केत ज्याच्यावर जुल्म होईल, तो स्थानिक असो वा परका, त्याचा हक्क मिळेपर्यंत आपण सर्व त्याच्या बाजूने उभे राहू, अशी शपथ त्यांनी घेतली. हाच ‘हिल्फुल फुजूल’ करार. प्रेषित मुहम्मद (स.) तरुणपणी त्यास हजर होते. प्रेषित्व लाभल्यानंतरही, अशा करारासाठी आज कोणी बोलावले तरी आपण जाऊ, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले.

वाचकहो, करार करणारे ते लोक मुसलमान नव्हते, ही गोष्ट आपण बहुधा नजरेआड करतो. मजलूमाला हक्क मिळवून देण्याच्या कामात कोणाशीही हातमिळवणी करता येते, हा या घटनेचा उघड अर्थ आहे. सूरह माइदामध्ये नेकीच्या कामात सहकार्याचा आणि अत्याचाराच्या कामात असहकाराचा आदेश आहे. एखाद्या समूहाच्या वैरापायी न्याय सोडू नका, ही ताकीदही त्याच सूरहमध्ये आहे.

मक्केतील जुलमी माणूस शेजारच्याच गल्लीत राहत होता. आजचा मोठा गुन्हेगार मात्र देशाची सीमा ओलांडून लपतो आणि साक्षीदार दहा देशांत पांगलेले असतात. अशा वेळी तो जुना करार कसा पाळायचा, हे बोस्नियाच्या उदाहरणावरून समजते.

स्रेब्रेनिका या गावाला संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये ‘सुरक्षित क्षेत्र’ घोषित केले होते. तेथे डच सैनिकांचा पहाराही होता. ११ जुलै १९९५ रोजी बोस्नियन सर्ब सैन्याने ते जिंकले आणि पुढील काही दिवसांत सुमारे ८,००० मुसलमान पुरुष व मुलगे ठार मारले. नंतर पुरावा नष्ट करण्यासाठी यंत्रांनी कबरी उकरून प्रेते दुसरीकडे पुरण्यात आली.

खटले चालविण्यासाठी हेग येथे १९९३ मध्येच आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण स्थापन झाले होते. पण त्याच्याजवळ एकही पोलीस नव्हता. आरोपी पकडून द्यायचे ते देशांनीच. म्हणून रादोवान काराजिच आणि रात्को म्लादिच वर्षानुवर्षे मोकळे राहिले. युरोपीय संघाचे दार सहकार्याशिवाय उघडणार नाही, हे सर्बियाला कळून चुकले, तेव्हा चित्र पालटले. काराजिच २००८ मध्ये बेलग्रेडमध्ये सापडला. तो नाव बदलून, दाढी वाढवून, पर्यायी उपचार करणारा वैद्य म्हणून वावरत होता. म्लादिच २०११ मध्ये हाती लागला. दोघांनाही अखेर जन्मठेप झाली. न्यायाधिकरणाने एकूण १६१ जणांवर आरोप ठेवले. त्यांपैकी कोणीही शेवटी फरार राहिला नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम पाहा. जनरल क्रस्तिच याला २००१ मध्ये वंशसंहाराबद्दल ४६ वर्षांची शिक्षा झाली. २००४ मध्ये अपिलात, तो प्रत्यक्ष कर्ता नसून साहाय्यक होता असे ठरले आणि शिक्षा ३५ वर्षांवर आली. पीडितांना हे जड गेले असणार. पण एकाच्या पापाचे ओझे दुसऱ्यावर नाही, या कुरआनी तत्त्वाची कसोटी अशाच ठिकाणी लागते. खटला संपूर्ण सर्ब जनतेवर नव्हता, ज्याच्या त्याच्या कृत्यावर होता. आपल्या बैठकींत कधी कधी अख्ख्या कौमांना गुन्हेगार ठरवले जाते, म्हणून हे लिहावे लागते.

शिक्षा झाली तरी पीडितांचे काम उरतेच. साक्ष लपविणाऱ्याचे हृदय पापी असते, असे कुरआन बजावतो. परंतु साक्ष देणाऱ्याचे रक्षण कोणी करायचे? फोचा गावातील अत्याचारित स्त्रियांनी हेगमध्ये सांकेतिक नावांनी साक्षी दिल्या. त्यांच्या सोबतीसाठी व आधारासाठी न्यायाधिकरणात स्वतंत्र विभाग होता. २००१ च्या त्या निकालात स्त्रियांना लैंगिक गुलामीत ठेवणे हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरला. लाज कोणाची, हे न्यायालयाने लेखी नोंदवले. आपल्याकडे आजही ती बहुधा मुलीच्याच पदरात टाकली जाते.

मृतांची ओळख पटविण्याचे काम बेपत्ता व्यक्तींसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने केले. निरनिराळ्या देशांत विखुरलेल्या नातलगांनी रक्ताचे नमुने दिले आणि हाडांच्या डीएनएशी ते जुळवले गेले. कबरी दोनदा उकरल्यामुळे एकाच माणसाची हाडे दोन-तीन ठिकाणी सापडत. अशा वेळी आईला ठरवावे लागे: हाती आले तेवढ्याचे दफन करायचे, की उरलेले सापडेपर्यंत थांबायचे?

पहारा देणाऱ्यांचाही हिशेब झाला, पण अपुरा. डच तळावरून बाहेर घालविलेल्या सुमारे ३५० पुरुषांच्या मृत्यूबाबत नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आपल्या सरकारची जबाबदारी मान्य केली, ती फक्त दहा टक्के.

सुमारे ७,००० मृतांची ओळख आतापर्यंत पटली आहे. पोटोचारीच्या कबरस्तानात दरवर्षी ११ जुलैला नव्याने ओळख पटलेल्यांचा जनाजा होतो. सुमारे हजार जण अजून सापडायचे आहेत. त्यांच्या आया आता वृद्ध झाल्या आहेत. काही वाट पाहतच गेल्या.