मालाडहून लिहिलेली पत्रे : देविकाराणी आणि स्वेतोस्लाव्ह रोरिक

हिमांशु राय व देविकाराणी यांनी १९३४ मध्ये मालाड येथे ‘बॉम्बे टॉकीज’ची स्थापना केली. ‘अछूत कन्या’ (१९३६) व ‘किस्मत’ (१९४३) या तिच्या बोलपटांविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु या संस्थेचा कारभार वाहणाऱ्या स्त्रीची मनःस्थिती बोलपटांवरून कळत नाही. तिचा पुरावा खासगी पत्रांत आहे.

१९३९ साली महायुद्ध सुरू होताच दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन व छायालेखक योझेफ विर्शिंग हे जर्मन सहकारी स्थानबद्ध झाले. १६ मे १९४० रोजी राय निवर्तले आणि सर्व धुरा देविकाराणींवर आली. पुढे शशधर मुखर्जी, अशोककुमार प्रभृतींनी वेगळे होऊन ‘फिल्मिस्तान’ काढली. अशाही स्थितीत बाईंनी ‘ज्वार भाटा’मधून (१९४४) दिलीपकुमार हा नवा नट पुढे आणला, हे त्यांच्या पारखीचे गमकच होय.

या काळात त्यांचा परिचय चित्रकार स्वेतोस्लाव्ह रोरिक यांच्याशी झाला. निकोलाय रोरिक यांचे हे पुत्र कुलू खोऱ्यातील नग्गर येथे राहत. व्यक्तिचित्रण हा त्यांचा खास प्रांत. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावलेले पंडित नेहरूंचे तैलचित्र त्यांचेच. देविकाराणींचीही व्यक्तिचित्रे त्यांनी रंगविली. त्यांना लिहिलेल्या पत्रांत देविकाराणींनी स्टुडिओतील गटबाजी, पैशाची विवंचना आणि पहिल्या संसारात सोसलेला छळ यांविषयी मन मोकळे केले. किश्वर देसाई यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या चरित्राला या पत्रांचाच मुख्य आधार आहे. बाईंनी १९४५ मध्ये चित्रसृष्टी सोडून रोरिक यांच्याशी विवाह केला, तो केवळ लहरीखातर नव्हे, हे त्यांवरून स्पष्ट होते.

अर्थात, भावी पतीला लिहिलेले पत्र ही एकाच पक्षाची साक्ष असते. राय यांच्या जर्मन पत्नीच्या वंशजांनी ऑस्ट्रेलियात जपलेली स्टुडिओची कागदपत्रेही अभ्यासकाने शेजारी ठेवून पाहावीत.

उत्तरायुष्य या दांपत्याने बंगळूरजवळील तातगुणी येथे व्यतीत केले. रोरिक १९९३ मध्ये व देविकाराणी १९९४ मध्ये निवर्तल्या. मागे अपत्य नव्हते. मालमत्तेचा वाद लांबला. कर्नाटक शासनाने केलेले संपादन सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये वैध ठरविले. एवढ्या वर्षांत ही पत्रे नष्ट झाली नाहीत, हे अभ्यासकांचे भाग्यच. मालाडच्या स्टुडिओच्या वाट्याला ते आले नाही. तेथे आता लहान कारखान्यांचे गाळे आहेत.