फक्त दहा धावा! (रणजी हंगाम १९४८-४९)

१९४८-४९ चा रणजी हंगाम म्हणजे फलंदाजांचाच हंगाम!

डिसेंबर १९४८. पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड सामना चालू होता. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. त्यात कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर एकटेच नाबाद ४४३! तेव्हाचा जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमन यांचा होता, नाबाद ४५२.

आता वजाबाकी करा. बरोबरीला ९ धावा, विक्रम मोडायला १०. पण काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायलाच नकार दिला अन् सामना सोडून दिला. विक्रम राहिला तो राहिलाच.

मार्च १९४९ मध्ये पुण्यातच मुंबई-महाराष्ट्र उपांत्य सामना झाला. दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धावा, शतकं नऊ! माधव मंत्रींनी २०० केल्या. उदय मर्चंट, दत्तू फडकर आणि महाराष्ट्राचे मधुसूदन रेगे यांनी तर दोन्ही डावांत शतकं ठोकली.

निंबाळकरांना अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही. पण रणजीतली सर्वात मोठी खेळी आजही त्यांचीच आहे.

विचार करा : गोरेगावच्या मैदानावर तुमच्या गड्याला शतकासाठी दहाच धावा हव्यात अन् समोरची टीम घरी निघाली, तर? आणि त्या हरणाऱ्या टीमचे कॅप्टन तुम्हीच असाल, तर? दोन्ही बाजूंनी पाच-पाच ओळी लिहा.